साठेखताची कैफियत

जमीन विकली गेली असे आपण म्हणतो, तेव्हा ती नेमकी कोणत्या क्षणी विकली गेली? बोलणे पक्के झाले तेव्हा, इसाराची रक्कम हाती पडली तेव्हा, घेणाऱ्याने बांधावर पाय ठेवला तेव्हा, की दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सही-अंगठा उमटला तेव्हा? ह्या चारही गोष्टी एकाच आठवड्यात उरकल्या, तर हा प्रश्न कोणास पडत नाही. परंतु पहिल्या तीन घडल्या, चौथी तेवढी राहून गेली आणि मध्ये वीस-पंचवीस वर्षे लोटली, की मग हाच प्रश्न दोन घराण्यांस दोन पिढ्या पुरतो.

एखाद्या देवस्थानचे महाजन अग्रशाळेसाठी लगतचा तुकडा घेतात. किंमत ठरते, साध्या मुद्रांकावर साठेखत लिहिले जाते, निम्म्याहून अधिक रक्कम दिली जाते, जागेचा ताबा मिळतो. महाजन तेथे कुंपण घालतात, विहीर खणतात. विकणारा सद्गृहस्थ असतो. ‘खरेदीखत सवडीने करू, देवाचेच काम आहे,’ असे तो म्हणतो, आणि सवड मिळण्यापूर्वीच कालवश होतो. पुढे जागेचे भाव चढतात. बाहेरगावी स्थायिक झालेली मुले येतात, उतारा काढतात, त्यावर बापाचेच नाव पाहतात आणि ताब्याचा दावा लावतात. ही कथा रचण्यास कल्पनाशक्तीची गरज नाही. पणजीपासून ग्वाल्हेरपर्यंत कोणत्याही दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात ती नावे बदलून सापडेल.

अशा ताबेदार खरेदीदाराचे काय करावे, ह्याबद्दल आपल्या कायद्याचे मत गेल्या शे-सव्वाशे वर्षांत निदान चार वेळा बदलले. तो इतिहास वकिलांच्या ग्रंथांत कलमांच्या जंगलात हरवलेला आहे. तो थोडा मोकळ्यावर आणावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

*

आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्रासही हा प्रश्न अपरिचित नव्हता. कागद आणि ताबा, त्या काळच्या भाषेत आगम आणि भोग, ह्यांपैकी बलवत्तर कोण, ह्याचा विचार याज्ञवल्क्याने केलेला आहे. त्याचे उत्तर मोठे मार्मिक आहे. वंशपरंपरेने चालत आलेला भोग सोडला, तर भोगापेक्षा आगम वरचढ. पण ज्या आगमामागे लेशमात्रही भोग नाही, त्या आगमासही बळ नाही. म्हणजे नुसता कागद पुरेसा नाही आणि नुसता ताबाही पुरेसा नाही. हे वाक्य आजच्या न्यायाधीशाने लिहिले असते तरी कोणास वावगे वाटले नसते.

याज्ञवल्क्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा. भूमी सहा गोष्टींनी दुसऱ्याकडे जाते, असे एक जुने वचन त्याने विवेचनासाठी घेतले आहे: गावाची, ज्ञातीची, शेजाऱ्यांची आणि वाटेकऱ्यांची संमती, आणि सोन्याचे व पाण्याचे दान. ह्यावर त्याने केलेले भाष्य वाचून एखादा नोंदणी-निरीक्षकही चकित होईल. गावाची संमती कशासाठी? तर व्यवहार उघड व्हावा म्हणून. ती नसेल तर व्यवहारच होत नाही असे नव्हे. शेजाऱ्यांची संमती कशासाठी? तर हद्दीबद्दल पुढे तंटा होऊ नये म्हणून. सोने आणि पाणी कशासाठी? तर स्थावराची विक्री निंद्य मानलेली, दान प्रशस्त मानलेले. म्हणून विक्रीही दानाच्या रूपाने करावयाची. धर्मशास्त्राची ही युक्ती वाचताना थोडे हसू येते. पण पहिल्या दोन कारणांत आधुनिक नोंदणीचे सगळे तत्त्व आलेले आहे. नोंदणी म्हणजे तरी दुसरे काय? व्यवहार उघड करणे आणि हद्द लिहून ठेवणे.

मराठी अमलात हे काम गोताने केले. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसे, महजर होई, त्यावर पाटील नांगराची खूण करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी काढीत. अक्षरशत्रू माणसाची सही म्हणजे त्याचे हत्यार. साक्ष गावाची होती. गाव हेच दप्तर होते. ज्याने गावासमक्ष जमीन घेतली आणि गावासमक्ष कसली, त्यास ‘तुझा कागद पक्का नाही’ असे म्हणण्यास विकणाऱ्याची जीभ सहसा रेटत नसे.

इंग्रजी अमलात दप्तर गावातून उठून कचेरीत गेले. बंगालात १७९३ साली आणि मुंबई इलाख्यात १८२७ साली दस्तनोंदणीची रेग्युलेशने झाली; पण ती ऐच्छिक होती. नोंदवलेल्या दस्तास न नोंदवलेल्यापेक्षा अग्रक्रम मिळे, इतकेच. सक्ती आली ती १८६४च्या कायद्याने. पुढे १८६६, १८७१ आणि १८७७ असे फेरफार होत होत १९०८चा नोंदणी कायदा झाला, तोच आजवर चालत आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराचा हक्क निर्माण करणारा दस्त नोंदवलाच पाहिजे. न नोंदवल्यास त्या स्थावरावर त्याचा परिणाम नाही, आणि तो पुराव्यातही घेता येत नाही.

येथे एक गंमत झाली. नोंदणीची सक्ती होती ती लेखी दस्तास. विक्री लेखीच असली पाहिजे, असे नोंदणी कायदा कोठेही म्हणत नव्हता. ते म्हटले १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५४व्या कलमाने, आणि तो कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला १ जानेवारी १८९३ रोजी. तोवर पुण्यात, बेळगावात किंवा धारवाडात तोंडी बोलून आणि ताबा देऊन केलेली विक्री चांगली होती. पण तीच विक्री सावधपणे कागदावर लिहून, नोंदणी मात्र न केलेला माणूस फसत होता. लिहिणाऱ्यास शिक्षा आणि न लिहिणाऱ्यास अभय, असा हा काळ जवळजवळ तीस वर्षे चालला.

५४व्या कलमाने हा घोळ मिटविला. पण त्याच कलमाने आपल्या साठेखताच्या नशिबी एक वाक्य लिहून ठेवले. विक्रीचा करार, म्हणजे साठेखत, स्वतः होऊन त्या मालमत्तेत कोणताही हक्क किंवा बोजा निर्माण करीत नाही. इंग्लंडात असे नव्हते. तेथे करार होताच खरेदीदार न्यायबुद्धीच्या दृष्टीने मालक समजला जाई आणि विकणारा त्याचा विश्वस्त. आपल्याकडील कायदेकारांनी ती दुहेरी मालकी मुद्दाम नाकारली. ते योग्यच केले, असे माझे मत आहे. एकाच शेताचे दोन मालक, एक कायद्याचा आणि एक न्यायबुद्धीचा, ही कल्पना लंडनच्या न्यायालयांना मानवली; आपल्या तलाठ्यास ती मानवली नसती.

पण मालकी नाकारणे वेगळे आणि माणसास घराबाहेर काढणे वेगळे. येथूनच खरी अडचण सुरू होते.

*

इंग्रजी न्यायालयांनी ह्या अडचणीवर एक तोडगा आधीच काढून ठेवला होता. १६७७च्या तेथील कायद्याने जमिनीचा करार लेखी असणे आवश्यक केले होते. तरीही तोंडी करारावर विसंबून कोणी जमिनीत शिरला, तेथे पैसा ओतला, आणि हे सारे विकणाऱ्याने डोळ्यांदेखत होऊ दिले, तर त्यास पुढे कायद्याच्या आडोशाने कपट करू द्यावयाचे नाही, अशी ती भूमिका. हेच अंशपूर्तीचे तत्त्व. त्याची हद्द १८८३ साली उमराव सभेने आल्डरसनच्या प्रकरणात आखून दिली. एका शेतकऱ्याच्या घरी एक बाई पगार न घेता वर्षानुवर्षे घरकाम करीत राहिली. मालकाने तिला आपले शेत तहहयात देण्याचे वचन दिले होते. त्याने मृत्युपत्र केले, पण त्यावर साक्षी रीतसर झाल्या नाहीत. बाई हरली. कारण तिचे राबणे हे त्या जमिनीच्या कराराकडेच निर्विवाद बोट दाखवीत नव्हते. ताबा घेणे हे तसे बोट दाखविते; चूल फुंकणे दाखवीत नाही. ह्या निवाड्यातील तर्क बिनचूक आहे आणि निकाल वाचून मन खट्टू झाल्यावाचून राहत नाही.

हे तत्त्व हिंदुस्थानात आणता येईल काय? ५४वे कलम तर स्पष्ट होते. मुंबई उच्च न्यायालयाचा आरंभीचा कल खरेदीदाराच्या विरुद्धच दिसतो. पण १९१७च्या निवाडामालिकेत छापलेल्या एका पूर्णपीठाच्या निर्णयाने ती वाट बदलली. साठेखताखाली ताब्यात असलेल्या माणसास, करारपूर्तीचा दावा लावण्याची त्याची मुदत अजून संपलेली नसेल तर, विकणाऱ्याच्या ताब्याच्या दाव्यास उत्तर म्हणून तो करार पुढे करता येतो, असे त्या पीठाने ठरविले. ज्या न्यायालयाने उद्या ह्याच माणसास खरेदीखत करून द्यावयाचे, त्यानेच आज त्यास हुसकावून लावावयाचे, हे विपरीत आहे, अशी ही सरळ विचारसरणी होती.

त्याच सुमारास, १९१४ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याचे एक प्रकरण गेले. जुन्या, न नोंदवलेल्या तडजोडीवर दोन्ही पक्ष कित्येक दशके वागत आले होते. लॉर्ड शॉ ह्यांनी न्यायबुद्धीचे ते इंग्रजी तत्त्व उदारपणे लागू केले. आता वाट मोकळी झाली, असे येथील उच्च न्यायालयांस वाटले. पण सर्वांस नव्हे. एका न्यायालयात जे चाले, ते दुसऱ्यात चालत नसे.

मध्ये आणखी एक विघ्न आले. १९२६ साली प्रिव्ही कौन्सिलने असे धरले, की साठेखतात इसार मिळाल्याचा उल्लेख असेल तर ते साठेखतही नोंदवले पाहिजे. देशातली कोणती इसारपावती अशी असेल, की जीत इसार मिळाल्याचा उल्लेख नाही? लक्षावधी कागद एका वाक्याने रद्दीत निघाले. विधिमंडळाने येथे विलक्षण तत्परता दाखविली. दुसऱ्याच वर्षी, १९२७ साली, नोंदणी कायद्यात एक स्पष्टीकरण घालून केवळ इसाराच्या उल्लेखामुळे नोंदणी सक्तीची होत नाही, असे सांगून टाकले. आजही साधे साठेखत न नोंदवता वैध राहू शकते, ते ह्या दोन ओळींच्या जोरावर.

आणि मग १९३१ साल. पुन्हा कलकत्ता. एका भाडेकऱ्यास मालकाने कायमचा पट्टा देण्याचे तोंडी कबूल केले. त्या भरवशावर त्याने जागेवर पक्के बांधकाम केले. मालकाने पुढे शब्द फिरविला, आणि करारपूर्तीच्या दाव्याची मुदत ह्या भाडेकऱ्याने निघून जाऊ दिली. लॉर्ड रसेल ऑफ किलोवेन ह्यांनी निर्णय दिला तो असा, की इंग्रजी न्यायबुद्धीचे कोणतेही तत्त्व हिंदुस्थानच्या लिखित कायद्याच्या आज्ञेवर मात करू शकत नाही. बांधकाम करणारा बाहेर गेला. ह्या निवाड्यावर पुष्कळ टीका झालेली आहे. पण न्यायाधीशाने कायदा मोडून दया करावी ही अपेक्षा मला कधीच पटलेली नाही. दया करावयाची तर ती कायदा करणाऱ्याने करावी.

ती त्याने केलेलीही होती. फक्त त्या भाडेकऱ्यास तिचा उपयोग झाला नाही. १९२७ साली नेमलेल्या विशेष समितीने, जिच्यात मुंबईचे दिनशा मुल्ला होते, हा प्रश्न हाताळला आणि तिच्या शिफारशीवरून १९२९च्या कायद्याने कलम ५३-अ जन्मास आले. १ एप्रिल १९३० पासून ते अमलात आले. करार लेखी हवा, त्यावर देणाऱ्याची सही हवी, अटी निश्चित कळल्या पाहिजेत. घेणाऱ्याने कराराखाली ताबा घेतलेला असावा आणि करार पुढे नेणारी काही कृती केलेली असावी. आपला भाग त्याने पुरा केलेला असावा किंवा करण्यास तो तयार असावा. एवढे असले, तर दस्त नोंदवलेला नसला तरी देणाऱ्यास त्याच्याविरुद्ध आपला जुना हक्क बजावता येणार नाही. इंग्लंडच्या तत्त्वापेक्षा हे अरुंद होते. तोंडी करारास येथे जागा नव्हती. पण ज्या माहेरातून हे तत्त्व आपल्याकडे आले, त्या इंग्लंडनेच १९८९ साली ते मोडीत काढले आणि आपण ते अजून जपून ठेवले आहे, ही कालगती पाहण्यासारखी आहे.

ह्या कलमाची एक मर्यादा मात्र प्रारंभीच स्पष्ट झाली. १९३९ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की हे कलम केवळ बचावासाठी आहे. ह्याच्या आधारे मालक म्हणून दावा लावता येत नाही. आपल्या मराठी न्यायालयीन भाषेत सांगावयाचे, तर साठेखतास दावा नाही. साठेखतास फक्त कैफियत आहे.

*

ही कैफियत यशस्वी कशी होते, ह्याचे सुरेख उदाहरण मध्य भारतातील आहे. २६ फेब्रुवारी १९५१ रोजी एका मालकाने आपली जमीन आणि तिच्यावरील कापसाचा जिनिंग कारखाना ४३,०११ रुपयांस विकण्याचे ठरविले. घेणाऱ्याने २२,०११ रुपये दिले, ताबा घेतला. उरलेले २१,००० रुपये ७ मे पर्यंत द्यावयाचे होते. तारीख उलटली, पैसे आले नाहीत, मालकाने करार रद्द केला आणि ताब्याचा दावा लावला. वरवर पाहता घेणारा चुकला. पण सरकारी दप्तरात ती जमीन मालकाच्या भावाच्या नावावर होती. ते नाव काढून टाकणे मालकाकडे होते, आणि मध्य भारताच्या १९५०च्या जमीन कायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्यास विक्री करण्यास सरकारची परवानगी लागत होती. मालकाने ह्यातले काहीही वेळेवर केले नव्हते. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने घेणाऱ्याचा ताबा राखला. आपला भाग पुरा करण्यास घेणारा ‘तयार’ आहे, हे दाखविण्यास त्याने नोटांची थप्पी घेऊन न्यायालयात उभे राहण्याची गरज नाही. आणि विकणाऱ्याने आपले आधी करावयाचे काम केले नसताना त्यास घेणाऱ्याच्या विलंबाचे भांडवल करता येणार नाही.

इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांस ह्या प्रकरणातील वातावरण ओळखीचे वाटेल. संस्थाने विलीन झाली, नवे जमीन कायदे आले, प्रत्येक विक्रीस कोणाची तरी परवानगी लागू लागली. परवानगी मिळेपर्यंत काय करावयाचे? तर साठेखत. न नोंदवलेले साठेखत हे आळशी किंवा कंजूष माणसाचेच अपत्य असते, हा समज येथे खोटा ठरतो. पुष्कळदा ते कायद्याचेच अपत्य असते. मुंबई राज्यात १९४७च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांची विक्री रोखली. घराची गरज काही रोखली गेली नाही. परिणामी गुंठ्या-गुंठ्याचे व्यवहार मुद्रांकाच्या कागदावर होत राहिले, आणि अखेर २००१ साली महाराष्ट्रास गुंठेवारीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. १९७६च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानेही अशीच कागदांची रास उभी केली.

गोव्याची गोष्ट निराळी. तेथे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०पासून चालत आली. तिच्यातही स्थावराची विक्री लेखी असणे आवश्यक होते, आणि थोड्या किंमतीचे व्यवहार सोडल्यास ती नोटरीपुढील सार्वजनिक दस्तानेच व्हावयाची. तिऱ्हाइतांविरुद्ध तिचा परिणाम व्हावा म्हणून भूनोंदणी कचेरीत तिची दाखल घ्यावयाची. पण विक्रीच्या नुसत्या वचनाबद्दल त्या संहितेचा १५४८वा अनुच्छेद मोठा रोखठोक होता. वचन म्हणजे काम करण्याचा करार, त्याहून अधिक काही नाही. इसार दिलेला असेल आणि घेणारा फिरला, तर इसार गेला. देणारा फिरला, तर त्याने इसार दुप्पट परत करावयाचा. तीच नुकसानभरपाई.

इसाराची दुप्पट. ह्या सोप्या हिशेबाचे मला, खरे सांगावयाचे तर, आकर्षण आहे. मुंबईच्या बाजूला जो तंटा पंधरा वर्षे चालावा, तो तेथे एका गुणाकारात संपू शकत होता. पण त्या सोपेपणाची किंमत ताब्यात बसलेल्या माणसाने मोजावयाची होती. जागेचे भाव दहापट चढले असताना इसाराची दुप्पट हातावर ठेवून मोकळे होणे विकणाऱ्यास फारच स्वस्त पडते. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १ नोव्हेंबर १९६५ पासून मालमत्ता हस्तांतरण कायदा तेथे लागू झाला; त्याबरोबर ५३-अ हे कलमही आले. म्हणून गोव्यातील जुना कागद हाती आला, की पहिला प्रश्न त्या तारखेच्या अलीकडचा की पलीकडचा, हा असतो. एकाच देवस्थानच्या पेटीतील दोन कागद, एक १९६०चा आणि एक १९७०चा, दोन वेगळ्या देशांच्या कायद्यांनी वाचावे लागतात.

*

ह्या इतिहासातील शेवटचे वळण २००१ सालचे. २४ सप्टेंबर २००१ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ५३-अ कलमातील ‘नोंदणी झालेली नसली तरी’ अशा अर्थाचे शब्द काढून टाकले आणि नोंदणी कायद्यात १७व्या कलमास नवे पोटकलम जोडले. त्या दिवसानंतर झालेला करार नोंदवलेला नसेल, तर ५३-अच्या संरक्षणासाठी त्याचा काही परिणाम नाही. एकाहत्तर वर्षांपूर्वी दिलेले अभय एका ओळीने अटीवर आले.

ह्यामागचे कारण क्षुल्लक नव्हते. ताबा देऊन, कुलमुखत्यारपत्र करून आणि साठेखत लिहून शहरांतून लाखो जागा विक्रीवाचून विकल्या जात होत्या. मुद्रांक बुडत होता, काळा पैसा मुरत होता, एकच जागा तिघांस विकली जात होती. पुढे २०११च्या ऑक्टोबरात सूरज लॅम्प प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ह्याच प्रकारास ‘ही विक्रीच नव्हे’ असे स्पष्ट सांगितले. २००१च्या दुरुस्तीचा हेतू मला मान्य आहे. मान्य नाही तो तिचा मार. नोंदणी न करण्यात फायदा दोघांचा. पण नोंदणी न झाल्याची शिक्षा एकट्या घेणाऱ्यास. मुद्रांक बुडविणारा विकणारा पैसेही ठेवतो आणि जागाही परत मागतो. कायदा करणाऱ्यांना दंडासह मुद्रांक भरून घेऊन ताबा राखणारी मधली वाट काढता आली असती. सदनिकांच्या बाबतीत महाराष्ट्राने ती दृष्टी दाखविली होती. १९६३च्या सदनिका कायद्यात मागाहून ४-अ हे कलम घालून न नोंदवलेल्या करारासही पुराव्यात जागा करून दिली. आता २०१६च्या स्थावर संपदा कायद्याने तर ओझे योग्य खांद्यावर टाकले आहे: नोंदवलेला करार केल्यावाचून बांधकाम करणाऱ्याने किंमतीच्या एक-दशांशाहून अधिक रक्कम घ्यावयाचीच नाही. हाच न्याय मोकळ्या जमिनीच्या विक्रेत्यास का लागू नये, ह्याचे समाधानकारक उत्तर मला सापडलेले नाही.

मग २००१ नंतरच्या न नोंदवलेल्या साठेखतास काहीच अर्थ उरला नाही काय? अशिलांपैकी निम्मे लोक हेच गृहीत धरून येतात, आणि त्यांचा प्रतिपक्षही त्यांस तेच ऐकवीत असतो. ते खरे नाही. कैफियत गेली, पण दावा शिल्लक आहे. नोंदणी कायद्याच्या ४९व्या कलमाच्या परंतुकाप्रमाणे न नोंदवलेला दस्त करारपूर्तीच्या दाव्यात कराराचा पुरावा म्हणून घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली न नोंदवलेल्या खरेदीखताबद्दलही हे मान्य केले आणि २०२३ साली तमिळनाडूतील एका साठेखताबद्दल पुन्हा सांगितले. शिवाय २०१८च्या दुरुस्तीनंतर करारपूर्ती देणे न देणे हे पूर्वीसारखे न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिलेले नाही. घेणाऱ्याने आपण सतत तयार होतो, हे मात्र सिद्ध केले पाहिजे.

विकणाऱ्याने दरम्यान तीच जागा तिसऱ्यास विकली असेल, तरी सारे संपत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४०व्या कलमाखाली सुलतानपूरचे एक उदाहरण दिलेले आहे: एकाने सुलतानपूर विकण्याचा करार एकाशी केला आणि करार जिवंत असता विकले दुसऱ्यास, ज्याला त्या कराराची खबर होती, पहिल्यास तो करार त्या दुसऱ्यावरही बजावता येतो. आणि खबर म्हणजे कानावर पडलेली बातमीच असे नव्हे. जागेवर प्रत्यक्ष कोण बसला आहे, हे पाहण्याचे कर्तव्य घेणाऱ्यावर १९२९च्या दुरुस्तीनेच टाकले आहे. महाजनांचे कुंपण आणि महाजनांची विहीर हीच तिऱ्हाइतास दिलेली नोटीस. विज्ञानेश्वराने शेजाऱ्यांची संमती मागितली, ती ह्याहून फार निराळ्या हेतूने नव्हे.

जागा मिळालीच नाही, तरी दिलेल्या पैशाचे काय? त्याच कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे खरेदीदाराने रास्तपणे दिलेल्या रकमेचा बोजा विकणाऱ्याच्या हक्कावर बसतो. साठेखताने बोजा निर्माण होत नाही हे ५४वे कलम सांगते. पण पैसे दिल्याने होतो, हे ५५वे सांगते. ह्या शेजारी-शेजारी बसलेल्या दोन कलमांतील फरक न कळल्यामुळे किती माणसांनी इसार सोडून दिला असेल, ह्याची गणती नाही. दाव्यात ही मागणी पर्यायी म्हणून मांडून ठेवावी लागते. न मागितलेले न्यायालय सहसा देत नाही.

मुदत हा ह्या सगळ्यांतील खरा वैरी. करारपूर्तीचा दावा तीन वर्षांत लावावयाचा: तारीख ठरलेली असल्यास त्या तारखेपासून, नसल्यास विकणाऱ्याने नकार दिल्याचे कळल्यापासून. ‘पुढच्या श्रावणात करू’, ‘मुलगा आला की करू’ ह्या शब्दांना नकार म्हणावयाचे की नाही, ह्यावर न्यायालयांत तासन् तास वाद होतात; आणि कलकत्त्याच्या त्या भाडेकऱ्याचे घर १९३१ साली गेले, त्याला ही मुदत हेही एक कारण होतेच.

ज्यांचा कागद २४ सप्टेंबर २००१ पूर्वीचा आहे, त्यांची स्थिती मात्र आजही निराळी आहे. त्यांच्या साठेखतास जुनी कैफियत उपलब्ध आहे, मग ते नोंदवलेले असो वा नसो. आणि मुंबई उच्च न्यायालयाकडून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली असेही ठरविले, की करारपूर्तीच्या दाव्याची तीन वर्षे उलटून गेली असली, तरी ५३-अच्या अटी पुऱ्या करणाऱ्या ताबेदारास आपला बचाव करता येतो. मुदत दाव्यास आहे, बचावास नाही. १९१७ साली मुंबईच्या पूर्णपीठाने मुदत जिवंत असेपर्यंतच जे दिले होते, ते अशा रीतीने पंचाऐंशी वर्षांनी मुदतीपलीकडेही मिळाले. गोव्यातील १९६५ नंतरचे, बेळगाव-धारवाडकडील, इंदूर-बडोद्याकडील असे कित्येक कागद आजही देवस्थानांच्या आणि घराण्यांच्या पेट्यांत पडून आहेत. कोणी जागा सोडा म्हणून नोटीस पाठविली, तर उत्तर देण्यापूर्वी तो कागद बाहेर काढून त्यावरची तारीख, विकणाऱ्याची सही आणि ताबा दिल्याचे वाक्य, ही तीन आधी तपासावीत.